शेतीचे दुखणे, कारखान्याचे औषध

शेती परवडत नाही, कारण जमिनीचे तुकडे झाले, असे आपण म्हणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालच्या निबंधात खरे दुखणे दाखविले : जमिनीवर माणसांचा भार जास्त, म्हणून तुकडे होतात. उपाय कोणता? कारखानदारी वाढवून जादा हातांना तेथे काम देणे.

१९५६ च्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योग सरकारकडे राखले. पुढे सरकारी कारखान्यांत राखीव जागा आल्या आणि भूमिहीनांच्या मुलांना महिन्याचा पगार मिळू लागला. १९९१ च्या धोरणाने ती संख्या ८ वर आणली. खाजगी कारखान्यात राखीव जागांचे बंधन नाही. म्हणून, बंधूंनो, कारखाने किती वाढले एवढेच न मोजता, त्यांत भूमिहीनांना किती नोकऱ्या मिळाल्या हेही आपण विचारले पाहिजे.