माथेरानच्या गाडीचें इंजिन क्रमांक ७४०: भंगारांतून वांचलेली एक वस्तु

ताम्रपट शोधणाऱ्या गृहस्थांस तांबटाच्या भट्टीचें भय सांगावयास नको. भट्टीपाशीं अक्षरांस मोल नसतें, वजनास असतें. म्हणून दानलेख वितळतो व त्याचें भांडें होतें. वाफेच्या इंजिनाची गत याहून निराळी नाहीं. रेल्वेनें तें एकदां निकामी ठरविलें कीं त्याचा लिलाव होतो तो धातूच्या वजनावर. त्यांतील तांब्याच्या व पितळेच्या भागांवर तर खरीदणाराची नजर आधीं जाते. असें इंजिन वांचवूं पाहणाऱ्यास भंगारवाल्याशीं चढाओढ करावी लागते, आणि तें धूड हातीं आल्यावर कोठें ठेवावें याची विवंचना निराळीच. हें काम पुष्कळदां हौशी माणसांनीं पदरमोड करून केलें आहे. रायगड जिल्ह्यांतील (पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील) एका इंजिनाच्या उदाहरणानें तें कसें घडतें हें येथें सांगण्याचा विचार आहे.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० मध्यें माथेरानचा डोंगर चढून पाहिला, तेव्हांपासून तेथें मुंबईकरांची ये-जा सुरू झाली. ती पायीं, घोड्यावर किंवा डोलीतून होई. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं १९०४ मध्यें नेरळहून वर रेल्वे बांधण्यास आरंभ केला. सुमारें सोळा लाख रुपये त्यांत घातले, आणि १९०७ च्या मार्च महिन्यांत गाडी सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट, लांबी सुमारें २१ किलोमीटर, चढ कोठें कोठें विसांत एक, व वळणें इतकीं आंखूड कीं गाडीच्या पुढील टोंकास मागील टोंक दिसावें.

या वळणांमुळेंच तेथील इंजिनास महत्त्व आलें. चढ चढावयाचा तर सर्व चाकांनीं मिळून ओढ घेतली पाहिजे, म्हणजे तीं दांड्यांनीं एकमेकांस जोडलेलीं हवींत. पण अशीं जोडलेलीं चाकें सरळ रेषेंत ताठ राहतात, व आंखूड वळणावर अडतात. हा पेंच ज्या युक्तीनें सुटला तिला क्लिएन-लिंडनर आंस म्हणतात. पहिल्या व तिसऱ्या जोडीचीं चाकें एका पोकळ आंसावर बसविलेलीं असतात. त्या पोकळींतून दुसरा भरीव आंस जातो. दांडे या भरीव आंसास फिरवितात. मध्यभागीं एक गोळा व खीळ असून तिच्या योगानें फिरणें पोकळ आंसास पोंचतें. तथापि चाकांस किंचित् डावीउजवीकडे सरकण्यास व वळणाकडे तोंड करण्यास मोकळीक राहते. मधली जोडी मात्र आपल्या जागीं स्थिर. उखळांत मुसळ फिरतें तें ज्यानें पाहिलें आहे त्याला या रचनेची थोडीबहुत कल्पना येईल, दृष्टांत पूर्ण लागू नसला तरी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या योजनेनें बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्यानें अशीं चार इंजिनें बनविलीं. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनकही हेच कॅल्थ्रॉप.

हीं इंजिनें ७३८ ते ७४१ या क्रमांकांनीं ओळखलीं जातात. १९५६ च्या सुमारास जर्मनीहून युंग कारखान्याचीं डिझेल इंजिनें आलीं, आणि वाफेचें काम हळूहळू कमी होत १९८० च्या दशकाच्या आरंभीं थांबलें. पंचाहत्तर वर्षें डोंगर चढलेल्या वस्तूचें पुढें काय करावें, हा प्रश्न त्या वेळीं उभा राहिला.

चारहींचा शेवट भट्टींत झाला नाहीं, हें विशेष आहे. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत गेलें, एक नेरळास व एक माथेरानास राहिलें. क्रमांक ७४० मात्र इंग्लंडांतील हौशी लोकांच्या हातीं गेलें, व आज तें बेडफोर्डशायर परगण्यांत लेटन बझर्ड येथील छोट्या रेल्वेपाशीं आहे. ही रेल्वे १९१९ मध्यें वाळू वाहण्यासाठीं बांधली होती. तिचें काम उतरणीस लागलें तेव्हां १९६७-६८ मध्यें स्वयंसेवकांनीं ती चालविण्यास घेतली. तिकडे अशी प्रथा त्यापूर्वींच पडली होती. वेल्स प्रांतांतील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवीत होते. लेटन बझर्डच्या रुळांचें अंतरही दोनच फूट. मला वाटतें, ७४० च्या भाग्योदयाचें मोठें कारण हेंच. लहान रुळांचें इंजिन लहान असतें. तें जहाजांत चढतें, साध्या छपराखालीं मावतें, आणि चार मित्रांच्या खिशास कदाचित् परवडतें. मोठ्या रुळांवरील शंभर-सव्वाशें टनांच्या धुडांस असे त्राते क्वचित् भेटले.

उलट उदाहरणही याच प्रांतांतलें आहे. १८५३ च्या एप्रिलमध्यें बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी ज्या तीन इंजिनांनीं ओढली त्यांतलें एकही आज पाहावयास मिळत नाहीं. त्यांच्या मागून १८५५ मध्यें बंगालकडे आलेलें फेअरी क्वीन मात्र आजही शाबूत आहे, कारण १९०९ मध्यें कामावरून दूर केल्यावर कोणीतरी तें न मोडतां जपून ठेवलें. मुंबईकरांस असा कोणी भेटला नाहीं.

माथेरानचें इंजिन परदेशीं गेलें याची कित्येकांस खंत वाटते. मला ती तितकीशी वाटत नाहीं. लंडनच्या ग्रंथालयांत पडलेल्या आपल्या कागदांविषयींही आपण अशीच हळहळ करतों, पण तेथें त्यांच्या याद्या झाल्या आहेत व इच्छा असेल त्यास ते वाचतां येतात. माझी खंत दुसरी आहे. पोथी मिळाली आणि टीका हरवली तर पाठ लागत नाहीं. तसेंच लोखंड राहिलें व त्याचे कागद गेले तर इंजिन मुकें होतें. आंसाचें तेल किती मैलांनीं बदलीत, पावसाळ्यांत घसरत्या रुळांवर वाळू कशी टाकीत, वळणावर झिजलेलीं चाकें कोणत्या मापानें बदलीत, हें इंजिनावर कोरलेलें नसतें. तें कारखान्याच्या वह्यांत असतें, चालकाच्या टिपणांत असतें, किंवा नुसतें हातांत असतें. आणि ज्या हातांनीं तीं इंजिनें चालविलीं त्यांपैकीं थोडेच आतां उरले असतील.

माथेरानची रेल्वे २००५ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आहे; दार्जिलिंग, निलगिरी व सिमला येथील डोंगरी रेल्वे मुख्य यादींत जाऊन बसल्या. संग्राहकांनीं नेरळ, कर्जत, कल्याण भागांतील जुन्या रेल्वे-कुटुंबांकडे चौकशी करावी, अशी माझी विनंति आहे. जुनीं वेळापत्रकें, पुठ्ठ्याचीं तिकिटें, भरतीचे हुकूम, दुरुस्तीच्या नोंदवह्या, पीरभॉय यांच्या वेळच्या पावत्या, मग त्या इंग्रजींत असोत कीं मोडींत असोत, रद्दीच्या तराजूवर जाण्यापूर्वीं पाहाव्या. फाटकें पानही फेंकूं नये. त्यावर एखाद्या आंसाचें माप लिहिलेलें असूं शकतें.