जागा भरायची की माणूस घ्यायचा?

परदेशात मुलीकडे गेलेल्या निवृत्त माणसाला दोनच उद्योग उरतात. नातवाला शाळेत सोडणे आणि खिडकीतून रस्ता पाहणे. एप्रिल २०२५ मध्ये आम्ही उभयता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन गावी होतो, तेव्हा तिसरा उद्योग आपणहून चालून आला. शेजारचे गृहस्थ कागद गिरणीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी त्यांच्या गॅरेजचे दार वर जाई, घडीच्या खुर्च्या मांडल्या जात आणि गल्लीतली चार-पाच मंडळी हातात याद्या घेऊन भांडायला बसत. पहिल्या दिवशी मला वाटले, सोसायटीची निवडणूक आहे की काय!

भांडण होते ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघावरून. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन अंगावर धावून जायचा अमेरिकन प्रकार. ग्रीन बे हे ॲपलटनपासून पन्नासेक किलोमीटरवरचे, जेमतेम एक लाख सात हजार वस्तीचे गाव. पण तिथल्या मैदानात ८१ हजार माणसे बसतात आणि संघाला एक मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. आमच्या जावयांनी २०२१ च्या विक्रीत ३०० डॉलरला एक शेअर घेतला, तो चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. त्यावर लाभांश नाही, भाव चढत नाही, बाजारात विकता येत नाही. तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस मी. असल्या कागदावर कोणाला शंभर रुपयेही कर्ज दिले नसते. पण तो कागद भिंतीवर असल्यामुळे संघात कोणाला घ्यावे हे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, असे जावयांना मनापासून वाटते. गॅरेजमधल्या साऱ्यांनाच वाटते.

घ्यायचे असते ते 'ड्राफ्ट'मध्ये. १९३६ पासून चालत आलेली ही पद्धत. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघांनी पाळीपाळीने निवडायचे, सात फेऱ्यांत. आदल्या हंगामात जो तळाला, त्याचा नंबर पहिला. मुलाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला कुठे जायचे आहे. हे ऐकल्यावर आमची सौ. म्हणाली, "म्हणजे आमच्या वेळचे कांदेपोहेच की!"

त्या वर्षी पॅकर्सचा नंबर तेविसावा होता आणि भोके तीन. चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरांपैकी ख्रिश्चन वॉटसनचा गुडघा जानेवारीतच गेला होता. समोरच्या रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक हवा होता. आणि समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारावर, कडेने झेप घालून त्याला आडवा करील असा गडी हवा होता. गिरणीवाल्या आजोबांचे म्हणणे, आधी हा शेवटला घ्या. जावयांचे म्हणणे, जागा बघू नका, तेविसाव्या नंबरला जो सर्वांत चांगला उरला असेल तो घ्या. दोन्ही पक्ष पुराव्यानिशी भांडत, आणि पुरावे सत्तर वर्षांचे.

१९८९ साली पॅकर्सला दुसरा नंबर मिळाला होता. टोनी मँडरिच हा पहाडासारखा मुलगा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. जागाही होती आणि नावही. त्याला घेतले. पाठोपाठ तिसऱ्या नंबरला डेट्रॉइटने घेतला बॅरी सँडर्स, जो पुढे या खेळातल्या थोरांत गणला गेला. मँडरिच तीन हंगामांतच संपला. आजोबा हे सांगताना अजून डोक्याला हात लावतात, कारण त्या दिवशी त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. उलट १९५६ साली सतराव्या फेरीत, दोनशेव्या नंबरला, उरलासुरला म्हणून उचललेला बार्ट स्टार याने संघाला पाच विजेतेपदे दिली. आणि २०२० साली संघाला रिसीव्हर हवा असताना, ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक घरात असताना, व्यवस्थापनाने आणखी एक क्वार्टरबॅक आणला, जॉर्डन लव्ह. गावभर शिव्यांची लाखोली वाहिली गेली. तीन वर्षे तो बाकावर बसला. २०२३ मध्ये रॉजर्स गेला आणि रिकामी नसताना भरलेली ती जागा कामाला आली. आज आजोबा त्याच्याच नावाचा शर्ट घालून फिरतात. "शिव्या दिल्या होत्या ना?" मी विचारले. "दिल्या होत्या," ते म्हणाले, "आणि तेव्हा माझं बरोबरच होतं!"

मी हसलो, पण त्या रात्री झोप लागली नाही. मला माझे एक गॅरेज आठवत होते.

वीस-बावीस वर्षे झाली असतील. अधिकारी भरतीच्या मुलाखतीला आम्ही तिघे बसलो होतो. ग्रामीण शाखांत वसुली थकलेली. वरून सूचना होती, बोलका, फिरता, माणसांत मिसळणारा उमेदवार बघा. जेवणाच्या सुट्टीआधी एक मुलगा आला. हिशेबात असा पक्का, की मी दिलेल्या ताळेबंदातली चूक त्याने पेन्सिल न उचलता दाखवली. मात्र आवाज अगदी खालचा, नजर टेबलावर. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच्यासाठी जागा नव्हती. म्हणजे जागा होती, पण तिच्या वर्णनात तो बसत नव्हता. जाताना त्याने प्रमाणपत्रे पिशवीत नीट लावली आणि विचारले, "सर, मी कुठं कमी पडलो?" मी काहीतरी म्हणालो. 'अभ्यास चालू ठेवा' असेच काहीतरी. तो कुठेच कमी पडला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. ज्यांना घेतले ते सगळे वाईट निघाले असेही नाही. त्यातल्या एकाने खरोखरच उत्तम वसुली केली. म्हणून तर त्या निवडीबद्दल मला कोणी कधी जाब विचारला नाही.

गुरुवारी, २४ एप्रिलला, ड्राफ्ट सुरू झाला, तोही योगायोगाने ग्रीन बेमध्येच. तीन दिवसांत मिळून सहा लाख लोक त्या एवढ्याशा गावात येऊन गेले म्हणतात. तेविसावा नंबर आला, संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी यांनी नाव पुकारले: मॅथ्यू गोल्डन, रिसीव्हर. २००२ नंतर पहिल्या फेरीत पॅकर्सने रिसीव्हर घेतलाच नव्हता. टीव्हीतला गलका आणि गॅरेजमधला गलका एक झाला. जावयांनी मला मिठी मारली. आजोबा मात्र यादीवर रेघ मारून म्हणाले, "आणि क्वार्टरबॅकला पाडणार कोण?"

शनिवारी सौ. माझ्याशेजारी टीव्हीपुढे बसली होती. या खेळातले तिला ओ की ठो कळत नाही. पण निमंत्रितांच्या खोलीत सूट घालून बसलेला एक मुलगा तिने हेरला होता. बॅरिन सोरेल, टेक्सास विद्यापीठाचा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, सोबतचे निवडले गेले किंवा निघून गेले, हा मात्र थांबला होता. "अगं बाई, घ्या रे त्याला कोणीतरी," ती पडद्याशी बोलत होती. चौथ्या फेरीत, १२४ व्या नंबरला, पॅकर्सनीच त्याचे नाव घेतले. कडेने झेप घालणारा गडी! तो मंचावर आला तेव्हा त्या गर्दीने त्याला जे डोक्यावर घेतले, ते पाहून मी उठून आत पाणी प्यायला गेलो. तहान लागली नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही पुण्यात परतलेलो असताना जावयांचा रात्री फोन आला. पॅकर्सनी डॅलसकडून मायका पार्सन्स आणला होता. क्वार्टरबॅकला पाडणाऱ्यांत नावाजलेला. त्याच्या बदल्यात केनी क्लार्क हा जुना खेळाडू आणि २०२६ व २०२७ च्या पहिल्या फेरीच्या दोन्ही निवडी दिल्या. आजोबा खूश होते. पुढे डिसेंबरात डेन्व्हरच्या सामन्यात त्या पार्सन्सचाही गुडघा गेला आणि गॅरेजमध्ये पुन्हा याद्या निघाल्या, ती नंतरची गोष्ट. त्या रात्री सौ.ने माझ्या हातातून फोन घेतला.

"अहो, हा मोठा आणलात ते ठीक," ती म्हणाली, "पण आमच्या शनिवारच्या मुलाला काढलंत की काय?"

"नाही हो आई, आहे तो संघात."

"मग बरं," म्हणून तिने फोन परत माझ्याकडे दिला.