सस्पेन्शन लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे वाहनाच्या सस्पेन्शनमध्ये बदल करून चासी व बॉडी मूळ उंचीपेक्षा वर उचलणे होय. खडकाळ वाटा, चिखल आणि ओढेनाले यांतून जाणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांत हा बदल प्रामुख्याने केला जातो. अशा बदलानंतर इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या शक्तिप्रेषण यंत्रणेतही बदल करावे लागतात का, हे तीन बाबींवर अवलंबून असते: उंची किती वाढवली, ॲक्सल कोणत्या प्रकारचा आहे आणि सोबत मोठे टायर बसवले का. सुमारे ५० मिमीपर्यंतच्या लिफ्टमध्ये बहुधा मूळ यंत्रणा पुरेशी ठरते. त्यापुढे प्रोपेलर शाफ्टचे कोन तपासणे अनिवार्य होते. गिअरचे गुणोत्तर बदलण्याची गरज मात्र लिफ्टमुळे नव्हे, तर टायरमुळे निर्माण होते.

पार्श्वभूमी

भारतातील जीपचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने पुढे मुंबईत विलीस जीपची जुळवणी सुरू केली. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. तिचा कांदिवली येथील कारखाना मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे. कंपनीने दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-३बी या जीपच्या पुढील व मागील चाकांमधील अंतर केवळ ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी होते. पुढे व मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांचे स्प्रिंग ही तिची रचना होती. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीतही हीच पद्धत होती. नंतरच्या वाहनांत रचना बदलत गेली. २०२० च्या महिंद्र थारमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन व मागे अखंड ॲक्सल आहे, तर २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या मारुती जिम्नीत दोन्हीकडे अखंड ॲक्सल व कॉइल स्प्रिंग आहेत. त्यामुळे एका वाहनाला लागू पडणारे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

प्रोपेलर शाफ्टचे कोन

ट्रान्सफर केस चासीवर पक्की बसवलेली असते, तर अखंड ॲक्सल चाकांबरोबर खाली राहतो. चासी उचलली की या दोहोंना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट अधिक तिरका होतो आणि त्याच्या टोकांवरील युनिव्हर्सल जॉइंटचे कोन वाढतात. गॅरेजमध्ये या जॉइंटच्या आतील भागाला ‘क्रॉस’ म्हणतात.

युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरत असताना त्याच्या पुढील शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही; प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो. ही तफावत ६ अंशांच्या कोनात सुमारे अर्धा टक्का, १० अंशांत दीड टक्का आणि १४ अंशांत तीन टक्के असते. कोन वाढतो त्यापेक्षा तफावत कितीतरी वेगाने वाढते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असतील व जॉइंट योग्य जुळणीत बसवलेले असतील, तर एका टोकाची तफावत दुसऱ्या टोकाला नाहीशी होते. तरीही मधला शाफ्ट असमान वेगानेच फिरतो आणि कोन मोठा असल्यास कंप जाणवतो.

येथे शाफ्टची लांबी निर्णायक ठरते. समजा, शाफ्टचा मूळ कोन ६ अंश आहे आणि वाहन ७५ मिमी उचलले. शाफ्टच्या दोन टोकांमधील आडवे अंतर १००० मिमी असेल तर नवा कोन सुमारे १० अंश होतो. तेच अंतर ५०० मिमी असेल तर तो १४ अंशांवर जातो. म्हणूनच आखूड जीपला जी लिफ्ट त्रासदायक ठरते, ती लांब वाहनाला सहन होऊ शकते.

ॲक्सलच्या प्रकारानुसार बदल

पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये उंची वाढवण्यासाठी जादा पाटा घालतात, अधिक कमान असलेले पाटे बसवतात किंवा लांब शॅकल लावतात. शॅकल ५० मिमीने लांब केल्यास वाहन त्याच्या निम्मे, सुमारे २५ मिमी उचलले जाते. मात्र पाट्याचे एकच टोक खाली गेल्याने ॲक्सल किंचित फिरतो, डिफरन्शियलच्या पिनियनची दिशा बदलते आणि दोन्ही टोकांच्या कोनांची समानता बिघडते. पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवून हा दोष दूर करता येतो. लिफ्ट मोठी असल्यास ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी युनिव्हर्सल जॉइंट असलेला शाफ्ट बसवून पिनियनचे तोंड शाफ्टच्या रेषेत वळवतात. शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर ओढला गेला, हेही पाहावे लागते. त्याची पकड अपुरी राहिल्यास चाक खड्ड्यात खाली जाताच शाफ्ट निसटू शकतो.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल चासीबरोबर वर जाते. त्यामुळे मधल्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलत नाही. ताण चाकांकडे जाणाऱ्या अर्ध्या शाफ्टवर आणि त्यांच्या सी.व्ही. जॉइंटवर येतो. कोन वाढल्यावर जॉइंटवरील रबरी बूट घासून फाटतो, आतील ग्रीस बाहेर पडते आणि वाळू-चिखल शिरून जॉइंट निकामी होतो. काही संचांमध्ये डिफरन्शियल थोडे खाली आणणारे ब्रॅकेट दिलेले असतात, ते याच कारणाने.

बॉडी लिफ्टमध्ये केवळ बॉडी चासीपासून उचलली जाते. तिच्यामुळे शाफ्टचे कोन बदलत नाहीत.

टायर आणि गिअर गुणोत्तर

अखंड ॲक्सलच्या वाहनात सस्पेन्शन लिफ्टमुळे डिफरन्शियल जमिनीपासून तसूभरही वर जात नाही. ते केवळ मोठ्या टायरमुळे वर जाते. २५५/६५ आर१८ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिमी असतो. त्याजागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिमीचा टायर बसवल्यास ॲक्सल सुमारे २५ मिमी उंचावतो. मात्र चाकाचा घेर सुमारे ६ टक्के वाढतो. ४.१० चे अंतिम गुणोत्तर त्यामुळे परिणामतः ३.८६ इतके होते, चढावर इंजिनाला जोर कमी पडतो आणि क्लचवरील भार वाढतो. वेगमापक ताशी ८० किमी दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ८५ च्या आसपास असतो. टायरच्या आकारातील वाढ याहून बरीच अधिक असेल, तर क्राउन-पिनियनचा संच बदलून मूळ गुणोत्तर साधले जाते. पुढे व मागे दोन्ही डिफरन्शियलमध्ये गुणोत्तर समान ठेवणे आवश्यक असते.

पावसाळा व साचलेले पाणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. अंधेरी व मिलन भुयारी मार्गांत मुसळधार पावसात पाणी साचते. अशा पाण्यातून सुखरूप जाता यावे, या अपेक्षेनेही वाहने उंच केली जातात. लिफ्टमुळे इंजिनाचा हवा घेण्याचा मार्ग तेवढा वर जातो, परंतु अखंड ॲक्सल पूर्वीइतकाच पाण्यात राहतो. तापलेले डिफरन्शियल पाण्यात बुडताच आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून वा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेलात पाणी मिसळल्यास ते दुधाळ दिसते आणि न बदलल्यास बेअरिंग व गिअर खराब होतात. ब्रीदरची नळी उंचावर नेणे हा अल्प खर्चाचा बदल येथे लिफ्टपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

बिघाडाची लक्षणे

ठरावीक वेगाला वाढणारा कंप किंवा घरघर, गाडी सुटताना होणारा ‘खट्’ असा आवाज आणि पिनियन सीलमधून तेलाची गळती ही कोन बिघडल्याची नेहमीची लक्षणे आहेत. उपनगरी रस्त्यांवरील संथ रहदारीत कंप जाणवेलच असे नाही. तो द्रुतगती महामार्गावर वेग वाढल्यावर प्रकट होतो. कोनांची मोजणी वाहन सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर उभे असताना करतात. ब्रेकच्या नळ्यांची लांबी व स्टिअरिंगची जुळणीही त्याच वेळी तपासली जाते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीला दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबई उपनगरांतील वाहनांची नोंदणी अंधेरी (एमएच-०२), बोरीवली (एमएच-४७) आणि घाटकोपर, मुलुंड आदी पूर्व उपनगरांसाठी वडाळा (एमएच-०३) येथील परिवहन कार्यालयांत होते.