सामाईक कार्यस्थान सहकारी संस्था

स्वतंत्र कचेरी किंवा कार्यशाळा एकट्याने घेणे ज्यांना परवडत नाही, अशा व्यक्तींनी काम करण्याची जागा व तेथील सोयी एकत्रितपणे मिळविण्यासाठी स्थापन केलेली सहकारी संस्था. वास्तुशिल्पी, अनुवादक, चित्रकार, संगणक-तज्ञ, लघुउद्योजक इ. स्वतंत्र व्यावसायिक अशा जागेचा उपयोग करतात. मेज-खुर्ची, बैठकीची खोली, वीज, इंटरनेट आणि काही ठिकाणी यंत्रे व हत्यारे यांचा खर्च सर्वांत विभागला जातो. खाजगी कंपनीने चालविलेल्या जागेत येणारी व्यक्ती केवळ ग्राहक असते. सहकारी संस्थेत मात्र तीच व्यक्ती जागेची उपभोक्ता आणि संस्थेची मालक अशा दुहेरी नात्याने वावरते. सभासदत्वाचे हक्क व जबाबदाऱ्या या दुहेरी नात्यातून उद्‌भवतात.

उगम : सामाईक कार्यस्थानाची आधुनिक कल्पना अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्को येथे रूढ झाली. ब्रॅड न्यूबर्ग या संगणक-तज्ञाने ९ ऑगस्ट २००५ रोजी तेथे अशी पहिली जागा सुरू केली. प्रारंभी ती आठवड्यातून दोनच दिवस उपलब्ध असे. पुढे या व्यवसायात मोठ्या कंपन्या उतरल्या. त्याचबरोबर वापरणाऱ्यांनीच जागा चालवावी, या विचाराने सहकारी तत्त्वाचाही अवलंब होऊ लागला. हे तत्त्व अर्थातच जुने आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकर व इतर कामगारांनी १८४४ मध्ये प्रत्येकी एक पौंड वर्गणी जमवून सहकारी दुकान काढले. वापरणाऱ्यानेच भांडवल पुरवावे व कारभारही पाहावा, ही त्यामागील कल्पना होती. महाराष्ट्रात लहान कारखानदारांनी सहकारी औद्योगिक वसाहती स्थापून जमीन, रस्ते, पाणी व गाळे यांची सामाईक सोय केली, ती याच तत्त्वावर [⟶ औद्योगिक वसाहती].

सभासदत्व : सहकारी संस्थांचा कायदा देशपरत्वे भिन्न असला, तरी सभासद होण्याची रीत बव्हंशी सारखीच आहे. अर्जदाराने संस्थेचे उपविधी मान्य करून लेखी अर्ज करावयाचा, प्रवेशशुल्क व किमान एका भागाची रक्कम भरावयाची आणि व्यवस्थापन समितीने अर्जावर निर्णय द्यावयाचा, असा हा क्रम असतो. महाराष्ट्रातील संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे. त्यानुसार पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास अर्जदारास सभासद करून घेतले आहे, असे मानण्यात येते. नकार मिळाल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. सभासदत्वासाठी ठरविलेली रक्कम भरल्याखेरीज मात्र सभासदाचे हक्क बजावता येत नाहीत. काही काळापुरतीच जागा हवी असणाऱ्यांना नाममात्र सभासद करून घेता येते. त्यांना मताचा व नफ्यातील वाट्याचा हक्क नसतो.

भाग व शुल्क : नव्या सभासदास तीन प्रकारच्या रकमा द्याव्या लागू शकतात आणि त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. मासिक शुल्क हा जागेच्या वापराचा मोबदला असून तो परत मिळत नाही. अनामत रक्कम हे सभासदाचे संस्थेकडील येणे असते आणि जागा सोडताना ती हिशेब करून परत केली जाते. भागाची रक्कम या दोहोंहून निराळी असते. ती संस्थेचे स्वतःचे भांडवल बनते; तिच्यातून जागेची डागडुजी, सामान व प्रारंभीचा खर्च भागविला जातो. संस्थेला तोटा झाल्यास त्याची झळ या रकमेस प्रथम लागते. भाग घेतल्याने ठराविक मेजावर आपोआप हक्क प्राप्त होत नाही. त्यासाठी शुल्क भरून वेगळा करार करावा लागतो.

भागामुळे मिळणारा मुख्य लाभ कारभारातील सहभागाचा होय. भाग कितीही असले, तरी सभासदास सर्वसाधारण सभेत एकच मत असते. महाराष्ट्रातील अधिनियमाने एका सभासदाच्या भागधारणेवर एकूण भागभांडवलाच्या एकपंचमांशाची कमाल मर्यादा घातली आहे. लाभांश सर्वसाधारणतः १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही आणि निव्वळ नफ्यापैकी किमान चतुर्थांश रक्कम राखीव निधीत टाकावी लागते. त्यामुळे भागाकडे नफ्याची गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यास त्यातून फारसे हाती लागत नाही. शुल्काचा दर, जागेचा भाडेपट्टा, नव्या सभासदांचा प्रवेश इ. बाबींवर आपला प्रभाव राहावा, असे ज्यास वाटते, त्याच्या दृष्टीने भागाचे महत्त्व अधिक.

भागाचा परतावा : भाग शेअरबाजारात विकता येत नाही. महाराष्ट्रात तो सामान्यतः किमान एक वर्ष धारण केल्यानंतर अन्य सभासदाकडे, किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज स्वीकृत झाला आहे अशा व्यक्तीकडे हस्तांतरित करता येतो. राजीनामा देणाऱ्याचा भाग संस्था स्वतःही घेऊ शकते. परंतु अशा परताव्याची एका वर्षातील एकूण रक्कम मागील वर्षअखेरच्या वसूल भागभांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. उदा., ४० सभासदांनी प्रत्येकी १०,००० रुपयांचा भाग घेतला असेल, तर भांडवल ४ लाख रुपये होते आणि वर्षभरात ४०,००० रुपयेच, म्हणजे चौघांचेच भाग, संस्थेला परत घेता येतात. पाचव्यास थांबावे लागते. भागाची किंमत ताळेबंदावरून ठरते. ती तोट्यामुळे घटू शकते. मात्र भरलेल्या रकमेहून अधिक किंमत मिळत नाही. संस्था सोडल्यानंतरही, सोडतेवेळी संस्थेवर असलेल्या कर्जाबाबत माजी सभासदाची जबाबदारी दोन वर्षे चालू राहते. सभासद मरण पावल्यास त्याचा भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे वा वारसाकडे जातो.

जर्मनीतही जाणाऱ्या सभासदास संस्थेच्या राखीव निधीत वाटा मागता येत नाही. तेथे २००६ च्या सुधारणेनंतर तीन सभासदांनाही सहकारी संस्था काढता येते. मात्र प्रत्येक संस्थेने लेखापरीक्षण करणाऱ्या संघाचे सभासद असणे बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये भाग संस्थेकडूनच परत घेण्याची पद्धत रूढ असून भांडवल टिकविण्यासाठी असा परतावा तहकूब करण्याचा अधिकार संचालक मंडळास उपविधीनुसार असू शकतो.

गुणदोष : सामाईक कार्यस्थानाचा मूळ धोका असा, की जागेचे भाडे अनेक वर्षांसाठी बांधलेले असते, तर वापरणारे महिन्याच्या बोलीवर येतात व जातात. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या वुईवर्क या कंपनीला नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीविषयक कायद्याचे संरक्षण मागावे लागले, त्यामागील कारणांपैकी दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे हे एक प्रमुख कारण होते. सहकारी संस्थाही या धोक्यातून मुक्त नाही. तीत तो धोका सभासद स्वतः उचलतात. परताव्यावरील निर्बंध जाणाऱ्यास जाचक वाटले, तरी मागे राहणाऱ्यांची जागा त्यांमुळेच टिकते. म्हणून सभासद होऊ इच्छिणाऱ्याने उपविधी, मागील ताळेबंद व भाडेपट्ट्याची उरलेली मुदत या तीन गोष्टी आधी पाहणे आणि जी रक्कम लवकर परत लागणार नाही, तेवढीच भागात घालणे हितावह ठरते. सभांना येणारे सभासद थोडे असल्यास सहकारी रूप नावापुरतेच उरते व सभासद प्रत्यक्षात ग्राहकच होऊन बसतो. [⟶ सहकार].