फांदीचं वजन सांगणारा माणूस

पावसाळी पुरवणीसाठी झाडपडीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना आकडे हवे होते. किती झाडं कोसळली, किती मोटारी चेपल्या, अग्निशमन दलाला किती फोन गेले. जून उजाडला की हे सगळं रोजच्या पेपरात येतंच. मला मात्र न पडलेलं झाड बघायचं होतं. ज्याला पडायला जागाच उरलेली नाही असं झाड भर वस्तीतून खाली आणतात तरी कसं?

पुण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत तसं झाड सापडलं. रेन ट्री. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासासाठी तळघराचा खड्डा खणला गेला, त्यात झाडाची पूर्वेकडची मुळं तुटली आणि ताण धरणारी बाजूच गेल्यामुळे झाड पश्चिमेला, म्हणजे सोसायटीच्या तिमजली इमारतीकडे झुकलं. बुंध्याच्या तळाशी कडक तपकिरी बुरशीची फळी फुटलेली होती. झाडं जाणणारी माणसं ती फळी दिसली की वर बघत नाहीत, आधी खाली बघतात. आतलं लाकूड सडत असल्याची ती खूण असते.

रेन ट्री मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. एकोणिसाव्या शतकात ते हिंदुस्थानात आलं आणि झटपट सावली देतं म्हणून रस्त्यांच्या कडेने लागलं. त्याचा पसारा बहुधा उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. फांद्या आडव्या, लांबच लांब जातात. सावलीला हे उत्तम, पण झाड उतरवणाऱ्याला त्याच फांद्यांचं सर्वांत जास्त भय.

परवानगीची कथा थोडक्यात आटोपतो. महाराष्ट्रात शहरातल्या झाडाला हात लावायचा तर 1975 चा वृक्ष संरक्षण आणि जतन अधिनियम आडवा येतो, आणि यावा हेच बरं. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. अर्ज, पाहणी, झाडावर चिकटवलेली नोटीस, हरकती, हे सगळं होऊन कागद हातात आला तेव्हा मे महिना अर्धा सरला होता. दिवस ठरला गुरुवारचा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुतेक गुरुवारच असतो, पाण्याचाही तोच. त्यामुळे गल्लीतल्या तारा निर्जीव आणि बाल्कन्यांमध्ये भरलेल्या बादल्यांची रांग, अशा मुहूर्तावर काम सुरू झालं.

गल्लीच्या तोंडाशी 50 टनी ट्रक क्रेन उभी होती. ही निवड साधी नाही. आपल्याकडे झाडाच्या कामाला नव्वद टक्के वेळा हायड्रा येतो, असं ठेकेदार म्हणाला. हायड्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो: पुढे बूम, चार मोठी चाकं, लोखंड उचलून तसंच चालत नेणारं यंत्र. कारखान्याच्या आवारात त्याला तोड नाही. पण त्याचा बूम स्वतःभोवती फिरत नाही. ओझं बाजूला न्यायचं तर अख्खं यंत्रच वळवावं लागतं, आणि मधून वाकणाऱ्या मॉडेलात तसं वळवलं की उचलण्याची ताकद घटते. त्यावर लिहिलेले 14 टन अगदी नाकासमोर, बूम आखडलेला असताना. बूम लांबवत नेला की तोच आकडा एक-दोन टनांवर घसरतो. ओझं घेऊन चालायचं असेल तर आणखी कमी.

ट्रक क्रेनचं गणितही हेच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. वजनाला अंतराने गुणायचं. एक टनाची फांदी क्रेनपासून 20 मीटरवर असेल तर क्रेनच्या दृष्टीने तो 20 टन-मीटरचा कल आहे. 50 टनी क्रेन त्या अंतरावर पाच-सहा टनच काय ते उचलते. प्रत्येक क्रेनच्या केबिनमध्ये हा तक्ता असतो: किती अंतरावर, किती लांब बूमला, किती वजन. तक्त्यात सगळं आहे. फक्त समोरच्या फांदीचं वजन नाही. लोखंडी तुळईचं वजन बिलावर छापलेलं असतं, ट्रान्सफॉर्मरचं त्याच्या पाटीवर. झाडाला पाटी नसते.

ती उणीव भरून काढणारा माणूस झाडाखाली तंबाखू मळत बसला होता. वय पन्नाशीपलीकडचं, अंगाने किरकोळ, कमरेला रुंद पट्टा. सगळी पोरं त्याला मामा म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणालो. मुळशीकडचा. लहानपणी हिरडे पाडायला झाडावर चढायचा, मग शहरात फांद्या छाटणाऱ्या टोळीत आला आणि क्रेन आल्यावर क्रेनबरोबर.

“मामा, ही फांदी किती भरेल?” मी सगळ्यांत खालची दाखवली.

त्याने बघितलंही नाही. “अख्खी नाय उचलायची ती. तीन तुकडं. बुडाचा दोन टन, मधला एक, शेंडा पाल्यासकट सहाशे-सातशे.”

“कसं ओळखता?”

“कवेत घ्यायची. घेर वाढला की माणूस फसतो, लांबी वाढली की नाय फसत.”

घरी येऊन मी हे ताडून पाहिलं. घेराचा वर्ग करायचा, 12.57 ने भागायचं आणि लांबीने गुणायचं, की लाकडाचं घनफळ मिळतं. ओलं लाकूड घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो भरतं. दोन मीटर घेराचा तीन मीटर लांब ओंडका म्हणजे टनाच्या आतबाहेर. तेवढ्याच लांबीचा तीन मीटर घेराचा ओंडका दोन टनांच्या आसपास. घेर दीडपट, वजन सव्वादोनपट. डोळ्याला तो दीडपटच दिसतो. क्रेन कलंडते ती या फरकापायी. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाच्या हातांना हे वर्गाचं गणित पाठ होतं, आणि मला ते कॅल्क्युलेटरवर दोनदा करावं लागलं.

मग तो चढला. गळ्यात शिट्टी, पट्ट्याला लटकवलेली लहान चेन सॉ, पाठीवर कोयता. वाटेत कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकत, कान लावत गेला. ठोक भरीव आला की पुढे, पोकळ आला की तिथे स्वतःचा दोर बांधायचा नाही. चेन सॉची गोष्ट सांगायची तर जर्मनीत श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टीलने 1926 साली विजेवर चालणारी साखळी करवत बनवली, आणि एकट्या माणसाला पेलेल अशी पेट्रोलची करवत त्याच्या कंपनीने 1950 मध्ये आणली. कापणं तेव्हाच सोपं झालं. ओझ्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

क्रेनने झाड उतरवताना खरी गंमत, आणि खरं संकट, करवत लागण्याच्या आधी असतं. आडव्या फांदीला मामाने दोन बेल्ट घातले. एकच घातला तर कापल्याबरोबर पाल्याची जड बाजू खाली झुकते आणि कापलेलं बूड वर उसळतं, नेमकं कापणाऱ्याच्या छातीकडे. शेंड्याकडचा बेल्ट त्याने आखूड ठेवला, बुडाकडचा सैल, दोन्ही वर हुकात. मग हात वर करून तर्जनी गोल फिरवली. खाली उभा असलेला खलाशी ओरडला, “हबेस, हबेस, धीरे!” बेल्ट ताणले गेले, फांदी जराशी कुरकुरली.

इथे थांबायचं असतं. किती ताण द्यायचा? कमी दिला तर फांदी सुटताच खाली बसते आणि तिचं वजन झटक्याने क्रेनवर येतं. क्रेन सावकाश उचलण्यासाठी बनलेली असते, झटका सोसण्यासाठी नाही. जास्त दिला तर सुटल्याबरोबर फांदी आकाशाकडे उडी घेते. कधी करवतीची पट्टीच चिरेत आवळली जाते. ताण हवा फांदीच्या वजनाइतकाच, आणि ते वजन फक्त मामाच्या डोक्यात. केबिनमधल्या पडद्यावर आकडा चढत होता. मामाने बोटांनी सात दाखवले. ऑपरेटर तिथे थांबला. मामाने आधी खालून अर्धी चीर दिली, मग वरून. आवाज झाला तो फार तर काठी मोडल्याएवढा. फांदी जागची हलली नाही. हवेत तशीच आडवी राहिली, झाडापासून दोन बोटं सुटून. “आता न्या,” म्हणून त्याने हात झटकला. पडद्यावर 0.7 टन.

हे मी पुन्हा पुन्हा घडताना पाहिलं आणि दर वेळी श्वास रोखला. फांदी पडत नाही, तुटल्याचं तिलाच कळत नसावं असं वाटतं. मामाचा स्वतःचा दोर नेहमी खोडाच्या राहणाऱ्या भागाला, जाणाऱ्या तुकड्याला कधीच नाही. हा नियम त्याला कुणी शिकवला, असं विचारलं. म्हणाला, एक जण वर गेला होता तुकड्याबरोबर. पुढचं त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

इथवर कौतुक. पण दिवसभर त्या गल्लीत उभं राहिल्यावर कौतुक टिकवणं अवघड जातं.

पहिली अडचण जमिनीचीच. ट्रक क्रेन आपले चार पाय पसरून उभी राहते, आणि पूर्ण पसरले की ती साडेसहा-सात मीटर रुंद होते. म्हणजे गल्ली बंद. एका पायाखाली ड्रेनेजचं चेंबर आलं. त्याचं झाकण मोटारींचा भार सोसतं, क्रेनच्या पायाचा नाही. पाय हलवला तर क्रेन भिंतीला लागते, आखूड ठेवला तर तक्त्यातले आकडे घटतात. शेवटी लाकडी स्लीपर आडवेतिडवे रचून भार पसरवला. जमिनीखाली काय काय पुरलंय याचा नकाशा तिथे कुणाकडेच नव्हता. जुन्या रहिवाशांपैकी एक आजोबा बाल्कनीतून सांगत होते, इथून पूर्वी नाला जायचा. ठेकेदाराने मान डोलावली आणि आणखी दोन स्लीपर मागवले.

दुसरी, बोलण्याची. ऑपरेटर बिहारचा, मामा मुळशीचा, मध्ये खलाशी. हुक पानांच्या आड गेला की ऑपरेटर आंधळा होतो. हातांच्या खुणा दिसत नाहीत, “आरिया” म्हणजे खाली आणि “हबेस” म्हणजे वर, या हाका करवतीच्या आवाजात विरतात. वायरलेस संच दोघांकडे असावेत एवढी साधी गोष्ट, पण संच एकच होता आणि तो ठेकेदाराच्या खिशात.

तिसरी, पोकळी. बुंध्याच्या वरच्या बेचक्यावर चीर दिली तेव्हा भुशाऐवजी काळी माती बाहेर आली. आत हात जाईल एवढी ढोली. पोकळ लाकूड हलकं म्हणून बरं वाटतं, पण त्याला मारलेला बेल्ट आवळला की कवच चिरडतं आणि तुकडा बेल्टमधून निसटतो. मामाने तो बेल्ट सोडला, दोन हात खाली बांधला आणि तुकडा मोठा झाला म्हणून ऑपरेटरला बूम आखडायला लावला. या हालचालीत पाऊण तास गेला. क्रेनचं भाडं तासावर असतं. खाली उभ्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर तो पाऊण तास मिनिटामिनिटाने दिसत होता.

आणि माझी खरी काळजी. दुपारी मामा झाडावरून चढला-उतरला नाही, हुकावर पाय ठेवून, केबल धरून, क्रेननेच वर-खाली झाला. अमेरिकेतल्या झाडकामाच्या सुरक्षा-मानकात क्रेनने माणूस चढवायला मुभा आहे, पण अटी घालून: आधी क्रेनची तपासणी, माणूस हार्नेसने रीतसर बांधलेला, आणि दुसरा सुरक्षित मार्ग नाही याची खात्री. इथे अट एकच होती, मामाचा हात सुटू नये. त्याच्या पट्ट्याची शिवण एका जागी उसवलेली होती. विमा आहे का, असं ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, “क्रेनचा आहे की.”

वादळानंतर तर हे सगळं रात्री, पावसात, टॉर्चच्या उजेडात होतं. 3 जून 2020 चं निसर्ग आणि 17 मे 2021 चं तौक्ते, दोन्हींनंतर मामा दिवसचे दिवस घरी गेला नव्हता. उन्मळून पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा कपटी. खोड भिंतीवर टेकलेलं, मुळं अर्धी जमिनीत, मध्ये सगळा ताण साठलेला. चुकीच्या जागी कापलं की बुंधा मुळांसकट ताडकन मागे उभा राहतो. अशा वेळी हायड्रा येतो आणि झाड उचलण्याऐवजी तिरकं ओढतो. कोणतीही क्रेन सरळ उभं उचलण्यासाठी असते, तिरकी ओढ तक्त्यात नाहीच. जमिनीत रुतलेला बुंधा क्रेनने उपटायला जाणं त्याहून वाईट, कारण मुळं किती धरून बसलीत याचं वजन मामालाही सांगता येत नाही. ओझं जास्त झालं की केबिनमध्ये भोंगा वाजतो. तो भोंगा तोडून ठेवलेल्या केबिनी आपण पाहिल्यात, असं ऑपरेटर हसत म्हणाला.

या कामाचं शिक्षण कुठे मिळतं, हे मी दोघांनाही विचारलं. ऑपरेटरकडे अवजड वाहनाचा परवाना होता. मामाकडे काही नव्हतं. त्याच्या हाताखालची पोरं त्याचं बघून शिकतात, पण ती आता फूड डिलिव्हरीला जातात. पैसे तेवढेच आणि पडलात तर स्कूटरवरून.

संध्याकाळी बुंध्याचा शेवटचा ओंडका उचलला. मामा म्हणाला चार, पडद्यावर आले 4.3. ओली माती आणि दोन वीतभर लांब खिळे आत निघाले, तेवढा फरक. लाकूडवाल्याने खिळे बघून भाव आणखी पाडला. सेक्रेटरींनी क्रेनचे तास मोजून घेतले, आणि ठेकेदार फोनवर पुढच्या कामाचं ठरवू लागला. कोथरूडला पेल्टोफोरम, दोन इमारतींच्या मध्ये, शनिवारी. तिथल्या सोसायटीला मोठ्या क्रेनचा खर्च जास्त वाटतो, म्हणून हायड्रा.

मामाने पट्टा सोडत विचारलं, “झाड हायड्रापासून किती लांब?”

“आठ-नऊ मीटर असेल.”

“मग बारीक तुकडं करावं लागतील. दोन दिवस सांगा.”

“एकच दिवस म्हणतात ते.”

मामाने उसवलेली शिवण बोटाने चाचपली आणि पोराला सुई-दोरा आणायला पाठवलं.