‘साधाच खोकला आहे हो!’

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी बावीस वर्षांची. बी.कॉम. झाली, स्थळं बघणं सुरू झालं. दिवाळीत तिला सर्दी झाली. सर्दी गेली, खोकला मात्र राहिला. दिवसा ठीक, पण पहाटे खोकून खोकून बेजार! ‘‘साधाच खोकला आहे हो,’’ वहिनी म्हणायच्या. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, मेडिकलमधून आणलेल्या चार बाटल्या संपल्या. होळी आली तरी खोकला मुक्कामालाच.

‘‘डॉक्टरांना का दाखवत नाही?’’ मी एकदा विचारलंच. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘टीबी निघाला तर? गावभर होईल. मग हिला कोण करून घेणार?’’

खरं दुखणं हे आहे, मैत्रिणींनो. खोकल्यापेक्षा लोकांचीच भीती जास्त!

खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला की थुंकी तपासून घ्यायलाच हवी. सोबत संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नेहमीच्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. मध्येच न सोडता पूर्ण केला, तर टीबी बरा होतो. नोव्हेंबर २०२४पासून उपचाराच्या काळात सकस आहारासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात. लपवला तर मात्र तो वाढतो आणि घरातल्यांनाही गाठतो.

शेवटी वहिनी तयार झाल्या. थुंकीत काही निघालं नाही, एक्स-रेही स्वच्छ. मग डॉक्टरांनी मुलीला एका यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. निदान झालं, दमा!

दमा म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, असं आपल्याला वाटतं. पण तो तरुणपणीही होतो. दर वेळी धाप लागतेच असं नाही. कधी नुसता रात्रीचा, पहाटेचा खोकला असतो, कधी छाती आवळल्यासारखी वाटते, शिट्टीसारखा आवाज येतो.

डॉक्टरांनी मग घराची चौकशी केली. रोज सकाळी बंब हीच पेटवायची, तोही पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या घालून. आजी स्वयंपाकघरात मिश्री भाजायच्या. वडिलांची विडी ओसरीवर. आणि रात्री दारं-खिडक्या लावून उशाशी मच्छर अगरबत्ती! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. घरात कुणी सिगारेट ओढत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि धूर असा उशाशी!

आता त्या घरात मच्छरदाणी लागते. बंबात प्लास्टिक जात नाही, मिश्री भाजणं बंद झालं. विडीवरून मात्र अजून वाद चालू आहेत.

राहिला प्रश्न पंपाचा. ‘‘एकदा लागला की सवय लागते,’’ वहिनींचं पालुपद. पण पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, त्यामुळे गोळीपेक्षा फार थोडं पुरतं. त्याचं व्यसन लागत नाही. एक पंप त्रास झाला की लगेच आराम देणारा, दुसरा आतली सूज कमी ठेवणारा. हा दुसरा बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नसतो.

परवा पाहुणे यायचे होते. वहिनी म्हणाल्या, ‘‘तो पंप तेवढा आत ठेव गं.’’

पोरगी म्हणाली, ‘‘का? चष्मा लपवतं का कुणी?’’

आज रात्री आपल्याही घरात कोण खोकतंय, जरा कान देऊन ऐका. आणि किती आठवडे झाले, तेही मोजा.