ट्रंकेतली अर्धी गोधडी

रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही वस्तीतल्या विहारात रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. एक टेबल, मशीन, वही आणि समोर आयाबायांची रांग. थंडीचे दिवस होते. पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी समोर येऊन बसल्या. रक्तदाब थोडा वर होता. झोप लागते का, असे आम्ही विचारले.

"पडून राहते सिस्टर. झोप काय लागत नाही."

"मग दिवसभर काय करता?"

"काय करायचं? स्वयंपाक झाला की बसते. आधी गोधड्या शिवायचे. अख्ख्या गल्लीत माझ्या हातच्या गोधड्या हायेत. आता सुई हातात घ्यावीशीच वाटत नाही."

मागे उभी असलेली सून म्हणाली, "बाजारात ब्लँकेट मिळतंय. आता कोण शिवत बसतंय?" रांगेतल्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. आम्ही वहीत रक्तदाबाच्या आकड्यापुढे लिहून ठेवले: 'आवडीचे काम सुटले आहे. कधीपासून, ते विचारणे.'

काय दुखते ते पेशंट आपणहून सांगतो. काय करायचे सोडले, ते विचारावे लागते. आरोग्याच्या पानावर गोधडीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण जे काम आपण आवडीने करत होतो ते नकोसे होणे, ही तब्येतीचीच खबर असते. ती वेळेवर कळली तर पुढचे पुष्कळ टळते.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्याला विचारणे सोपे असते. आमच्या स्वतःच्या पलंगाखाली ट्रंकेत एक अर्धी गोधडी पडून होती. आईच्या चार सुती साड्यांची. आईने थर लावले, कडा टाचून घेतल्या आणि एका बाजूने धावदोरा घालत अर्ध्यापर्यंत आणली. २०२१ मध्ये आई गेली. त्या वर्षी आमची ड्यूटी कोरोना वॉर्डात होती. घरी आलो की अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

पुढे नोकरी सुटली, वस्त्यांमधले काम सुरू झाले, पण ट्रंक तशीच राहिली. उघडायचो, वरचे कपडे काढायचो, झाकण लावायचो. वेळ नाही, असे स्वतःला सांगायचो. मोबाइल बघायला मात्र रोज तासभर मिळत होता. लोकांना तब्येत सांभाळा म्हणून सांगणाऱ्या आम्हालाही तीन वर्षे कळले नाही, की हा आळस नव्हता.

मन का उडते?

वय झाले, आळस आला, असे म्हणून घरचे विषय संपवतात. वस्तीत आम्हाला दिसणारी कारणे वेगळी आहेत.

डोळे : चाळिशीच्या आसपास जवळचे दिसणे कमी होते. हे सगळ्यांचेच होते. सुईचे नेढे दिसत नाही, दोरा ओवायला पोराला हाक मारावी लागते, थोडे शिवले की डोके दुखते. मग सुईच नकोशी होते. यावर उपाय जवळच्या चष्म्याचा. रस्त्यावर मिळणाऱ्या चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात, आपले दोन्ही डोळे सारखे असतीलच असे नाही. म्हणून सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात तपासून घ्या. साखर असलेल्यांनी डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा दाखवावाच.

रक्त : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्त कमी धरतात. अशा बाईला जिना चढताना धाप लागते आणि संध्याकाळी हात उचलवत नाही. थायरॉइड बिघडले तरी असाच थकवा येतो. पाळी जाण्याच्या काळात रात्री घाम येऊन झोप मोडते, दिवसा चिडचिड होते. हे सगळे तपासता येते आणि त्यावर औषध आहे.

हात : अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातली नस दबत असू शकते. धुणीभांडी करणाऱ्या आणि मशीनवर बसणाऱ्या बायकांत ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

पोटासाठीची शिलाई : वस्तीत कितीतरी घरांत मशीन नगावर चालते. पिको-फॉल, ब्लाउज, काज-बटण, पिशव्या. दिवसभर पायडल मारलेल्या बाईला रात्री विरंगुळा म्हणून शिव म्हटले तर ती आपल्याला वेड्यात काढेल. तिचे चुकत नाही. तिला आधी पाठ टेकायला जागा आणि पुरेशी झोप हवी.

दुःख : माणूस गेले, लेक सासरी गेली, पोराचे काम सुटले. ज्याच्यासाठी शिवत होतो ते माणूसच समोर नसेल तर टाका कोणासाठी घालायचा, हा प्रश्न पडतो.

दुकानासाठीची आणि घरातली

पोटासाठी शिवणे आणि आपल्यासाठी शिवणे, या दोहोंतला फरक समजायला एक लांबचे उदाहरण सांगतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे गाव आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात वापरून विरलेल्या पँटी, शर्ट आणि पोत्यांचे कापड जोडून थंडीसाठी गोधड्या शिवत आल्या. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्या गावात येऊन बोलले होते. पुढच्याच वर्षी, मतदानाच्या हक्काची चळवळ ऐन जोरात असताना, त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. शहरातल्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला.

पण दुकानाला माल एकसारखा लागतो. ठरलेला नमुना, ठरलेले माप. घरात मात्र बायका मनाला येईल तशा गोधड्या जोडत राहिल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्याच घरच्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. ऑर्डरीच्या कामाने त्यांना पैसा दिला, आणि घरच्या गोधडीत कोणता तुकडा कुठे लावायचा हे ठरवणारे दुसरे कोणी नव्हते. आपल्या वस्तीतल्या शिवणाऱ्या बाईलाही दोन्हींची गरज आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मशीनवर असा एखादा तुकडा चढवा, ज्याचे माप कोणा गिऱ्हाइकाने दिलेले नाही.

मन येण्याची वाट पाहू नका

मन झाले की शिवू, असे म्हणून आम्ही तीन वर्षे घालवली. उदासीवर उपचार करताना मानसोपचारात एक साधी पद्धत वापरतात. इच्छा होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी छोटेसे काम करायचे. हात चालू लागला की इच्छा हळूहळू मागून येते. तेच आम्ही करून पाहिले.

• घड्याळात दहा मिनिटे लावा. दहा मिनिटे झाली की थांबा, मन लागले असेल तरी पहिल्या आठवड्यात वाढवू नका. उद्यासाठी थोडी ओढ राहू द्या.

• मोठ्या गोधडीला हात घालू नका. दहा बाय दहाच्या खोलीत ती पसरायलाही जागा नसते. उशीचा अभ्रा, बाळाचे दुपटे, गरम भांडे धरायचे फडके, बाजाराची पिशवी यांपैकी एक घ्या. मोठी गोधडीच करायची असेल तर हातरुमालाएवढे तुकडे मांडीवर जोडत जा, शेवटी एकत्र करा.

• सामान डोळ्यांसमोर ठेवा. बिस्किटाच्या डब्यात सुई, दोरा, कात्री आणि चार कात्रणे एवढे पुरे. ट्रंकेतून काढायचे म्हटले की काम पुढे ढकलले जाते.

• दुपारच्या फावल्या वेळात तीन-चार सुयांत दोरा ओवून ठेवा. घरातल्या पोरांकडून करून घेतले तरी चालेल. संध्याकाळी तेवढ्यावरून काम अडत नाही.

• टाका वाकडा गेला तर उसवू नका. हे गिऱ्हाइकाचे काम नाही.

• सोबत शोधा. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवलेले असते. मगध देशातल्या शेतांच्या बांधांसारखी त्याची रचना करण्यास तथागतांनी आनंदाला सांगितल्याचे विनयपिटकात आहे, आणि वर्षावासानंतरचे कठिन चीवर सर्वांनी मिळून एका दिवसात शिवायचे, अशी जुनी रीत आहे. विहाराचा हॉल दुपारी रिकामा असतो. उजेड असतो, गोधडी पसरायला फरशी असते. चार जणी बसल्या तर बोलणेही होते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही फक्त एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी आईचा टाका कुठे संपला ते बोटाला लागले आणि रडू आले. रडून झाल्यावर आणखी एक ओळ घातली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. सगळ्यांना असे लगेच होईल, असे आम्ही म्हणत नाही. आठवडाभर काहीच वाटले नाही तरी दहा मिनिटे चालू ठेवा.

शिवताना एवढे सांभाळा

उजेड डाव्या बाजूने घ्या. डावखुऱ्या असाल तर उजव्या. पाठ भिंतीला टेका, मांडीवर उशी घेऊन काम वर उचला म्हणजे मान वाकणार नाही. दर वीस मिनिटांनी वर बघून वीस फुटांवरच्या वस्तूवर वीस सेकंद नजर ठेवा, उठून पाय मोकळे करा.

जुने कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवूनच जोडायला घ्या. घरात कोणाला खरूज असेल तर हे विसरू नका. जाड थरातून सुई ओढताना बोटाला टोपण घाला. साखर असलेल्या बाईला सुई टोचली तर जखम साबणाने धुवा आणि बरी होईपर्यंत रोज बघा. सुई गंजकी असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन बरीच वर्षे घेतले नसेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

काम संपले की सुया मोजून डब्यात ठेवा. मोडलेली सुई पायात गेली तर घरी ब्लेडने उकरू नका, दवाखान्यात एक्स-रे काढून मग ती काढतात. लहान मुलाने सुई गिळली तर केळी खाऊ घालत बसू नका. काही खायला-प्यायला न देता तडक मोठ्या रुग्णालयात न्या.

सुईने भागत नाही तेव्हा

शिवण हे औषध नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो बरा होतो. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला तर उजाडण्याची वाट पाहू नका. लगेच घरातल्या माणसाला सांगा, या नंबरवर फोन करा आणि एकटे राहू नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

त्या मावशींना आम्ही पुढच्या रविवारी विचारले. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. झोप आणि सुई, दोन्ही तेव्हापासून सुटले होते. त्याआधीची शेवटची गोधडी त्यांनी त्याच्याच धोतरांची शिवायला घेतली होती. सुनेला हे ठाऊक नव्हते. ऐकून ती गप्प झाली, आणि नंतर रुग्णालयात तीच सासूला घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, जवळचा चष्मा मिळाला. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. आता मावशी वंदनेनंतर विहाराच्या खिडकीपाशी बसून होणाऱ्या नातवंडासाठी दुपटे शिवतात. धोतरांची गोधडी अजून काढलेली नाही. आम्हीही काढा म्हणत नाही. सुया सून ओवून देते.

आमच्या गोधडीची एक कड अजून राहिली आहे. येत्या रविवारी ती विहारात घेऊन येणार आहोत. तुमच्याकडेही काही अर्धे पडले असेल तर घेऊन या. रक्तदाब तपासून होईल, आणि मग दहा मिनिटे बसू.